सम्राट अशोक आणि मुक्या जनावरांचा कायदा

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत सम्राट अशोकावर एक लेख असावा, असे समितीच्या बैठकीत ठरले आणि ते काम आमच्या गळ्यात पडले. अशोकावर लिहिणारे आपल्यात पुष्कळ आहेत. कलिंगाचे युद्ध, त्यानंतरचा पश्चात्ताप, महेंद्र आणि संघमित्रा यांचे सिंहलद्वीपाला जाणे, हे आपल्या वस्तीतल्या सातवीतल्या पोरालासुद्धा पाठ आहे. तेच पुन्हा लिहून समितीचा कागद कशाला खर्च करायचा? आम्ही मिलमधला कामगार. कॉलेजचे तोंड पाहिले नाही, पण युनियनच्या कामापायी फॅक्टरी ॲक्ट, स्टँडिंग ऑर्डर असली पुस्तके रात्रपाळीत वाचून काढली. त्या सवयीने अशोकाचे शिलालेख वाचायला घेतले, तेव्हा आमची नजर युद्धावर न थांबता नियमांवर थांबली. कोणत्या दिवशी काय करायचे नाही, किती महिन्यांच्या पिलाला हात लावायचा नाही, हे सगळे दगडावर कोरलेले. दुनियेत सरकारने जनावरांसाठी केलेले जे जुने कायदे शिल्लक आहेत, त्यांत हा फार वरचा कायदा आहे, आणि तो आपल्या राजाचा आहे. म्हणून या लेखात अशोकाचे चरित्र सांगायचे ते या वाटेने.

अशोक हा मगधाच्या मौर्य घराण्यातला. चंद्रगुप्ताचा नातू, बिंदुसाराचा मुलगा. राजधानी पाटलिपुत्र, म्हणजे आजचे पाटणा. तरुणपणी तो उज्जैनला आणि तक्षशिलेला कारभारी म्हणून होता असे बौद्ध ग्रंथ सांगतात. विदिशेच्या देवीशी त्याचे नाते जुळले, तिच्या पोटी महेंद्र आणि संघमित्रा झाली, असे सिंहली परंपरा सांगते. गादीसाठी त्याने ९९ भाऊ मारले अशीही एक कथा आहे. ती आम्हाला पटत नाही, कारण त्याच्या स्वतःच्या लेखांत भावाबहिणींच्या घरांची व्यवस्था पाहणाऱ्या अधिकाऱ्यांचा उल्लेख येतो. आधीचा राजा किती काळा, तेवढा नंतरचा गोरा दिसतो. कथाकारांची ही जुनी खोड आहे. इ. स. पूर्व २६८ च्या सुमारास त्याला राज्याभिषेक झाला. त्यानंतर ८ वर्षांनी त्याने कलिंग जिंकले. त्या लढाईत एक लाख माणसे मारली गेली, दीड लाख माणसे धरून नेली आणि त्याच्या कितीतरी पट माणसे नंतर मेली, हा आकडा त्याने स्वतः कोरून ठेवला आहे. हरलेल्यांनी लिहिला असता तर समजलो असतो. जिंकणाऱ्याने आपल्या हाताने लिहिला.

यापुढे तो धम्माकडे वळला. आधी नुसता उपासक होता, फारसा उत्साह नव्हता, मग संघाच्या जवळ गेला आणि जोर आला, हेही त्याने सांगून टाकले आहे. आपल्या विहारात नवीन येणाऱ्या मंडळींनी हे ध्यानात घ्यावे. सम्राटालासुद्धा एका दिवसात सगळे जमले नव्हते.

आता मुद्द्यावर येतो. प्राण्यांचा विषय त्याने सुरू कुठून केला? स्वतःच्या मुदपाकखान्यातून. पहिल्याच मोठ्या शिलालेखात हे आहे. पूर्वी राजाच्या स्वयंपाकघरात रश्श्यासाठी रोज लाखो जीव मारले जात, असे तो म्हणतो. आकडा मोठा वाटतो, पण राजाच्या पंगतीला फौजफाटा, पाहुणे, नोकरचाकर सगळे जेवत असणार. हा लेख लिहिला तेव्हा संख्या तीनवर आली होती. दोन मोर आणि एक हरीण. हरीणही रोज नाही. आणि पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत, असे शेवटी घातले आहे.

आम्हाला या तीन जनावरांचे फार वाटते. दुसरा कोणी असता तर सरळ लिहिले असते की राजाने मांस सोडले, आणि भाटांनी टाळ्या पिटल्या असत्या. याने शिल्लक किती ते लिहिले. युनियनमध्ये हिशेब मांडताना आम्ही पोरांना हेच सांगतो, की जमले तेवढे जमले म्हणा, राहिले तेवढे राहिले म्हणा. ज्याच्या वहीत बाकी दिसते त्याच्या वहीवर लोकांचा भरवसा बसतो.

त्याच लेखात यज्ञात जीव बळी द्यायचा नाही असे आहे, आणि समाज भरवायचा नाही असेही आहे. इथला समाज म्हणजे आपण म्हणतो तो समाज नव्हे. समाज म्हणजे जत्रा, मेळा. त्यात खाणेपिणे, प्राण्यांच्या झुंजी चालत, असा अर्थ अभ्यासक लावतात. पण काही समाज चांगले असतात असेही राजाने पुढे म्हटले आहे. म्हणजे सगळ्या जत्रांवर त्याने सरसकट फुली मारली नाही.

शिकारीचे तसेच. पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत. त्यात मृगया आणि मौजमजा. अशोकाने राज्याभिषेकाला १० वर्षे झाल्यावर संबोधीची, म्हणजे बोधगयेची यात्रा केली आणि तेव्हापासून विहारयात्रेच्या जागी धम्मयात्रा सुरू झाली. श्रमण-ब्राह्मणांना भेटायचे, म्हाताऱ्यांना मदत द्यायची, खेड्यापाड्यांतल्या लोकांशी बोलायचे. ही हकीकत आठव्या शिलालेखात आहे. आणि बंधू-भगिनींनो, हा आठवा लेख आपल्या महाराष्ट्रात सापडला आहे. वसईजवळच्या सोपाऱ्याला, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याला, १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना त्याचा एक तुकडा मिळाला. सोपारा तेव्हा अपरान्ताचे मोठे बंदर होते. गलबते लागत, व्यापारी उतरत. तिथे उभे राहून लोकांनी वाचले ते राजाने शिकार सोडल्याचे वर्तमान. पार अफगाणिस्तानात कंदाहारला १९५८ साली ग्रीक आणि अरमाईक या दोन भाषांतला लेख सापडला, त्यातही राजाच्या शिकाऱ्यांनी आणि कोळ्यांनी शिकार थांबवल्याचे आहे. सोपाऱ्यापासून कंदाहारपर्यंत बातमी एकच, आणि जिथली जी भाषा त्या भाषेत. एका कारखान्यात आम्ही स्टँडिंग ऑर्डर इंग्रजीत काचेआड लावलेली पाहिली आहे, कामगारांपैकी कोणाला वाचता येत नव्हती. अशोकाने आपला हुकूम संस्कृतात कोंडला नाही. लोक बोलत त्या प्राकृतात लिहिला, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना ठरलेल्या दिवशी वाचून दाखवायची सोय केली. कलिंगातल्या स्वतंत्र लेखांत तसे स्पष्ट सांगितले आहे.

नुसते मारू नका म्हणून भागत नाही, जगायला काही द्यावेही लागते. दुसऱ्या शिलालेखात दोन प्रकारच्या औषधोपचारांची व्यवस्था आहे. एक माणसांची, एक जनावरांची. औषधी वनस्पती, मुळे, फळझाडे जिथे नाहीत तिथे आणून लावली. रस्त्याच्या कडेने झाडे आणि विहिरी, माणसांच्या आणि जनावरांच्या उपयोगासाठी. ही व्यवस्था त्याने आपल्या राज्याबाहेर चोळ, पांड्य, केरळपुत्र, ताम्रपर्णी आणि ग्रीक राजांच्या मुलखापर्यंत पोचवल्याचे सांगितले आहे. बैलगाडीचा बैल तहानला तर त्याची सोय पाहणे हे सरकारचे काम आहे, ही गोष्ट २२०० वर्षांपूर्वी सरकारी कागदात, म्हणजे सरकारी दगडात आली. पुणे-नाशिक रस्त्यावर चाकणपर्यंत गाडीने जाताना हे आठवते. ट्रकांच्या रांगा आहेत, सावली शोधावी लागते.

मग प्रश्न येतो अंमलबजावणीचा. कायदा कितीही चांगला असो, इन्स्पेक्टर फिरकला नाही तर तो भिंतीवरच राहतो. हे आम्हाला कोणी शिकवायला नको. अशोकाला ते कळत होते. अधिकाऱ्यांनी पाच-पाच वर्षांनी आपापल्या भागात फिरतीवर निघावे असा त्याचा हुकूम होता. तेराव्या वर्षी धम्ममहामात्र नावाचे नवे अधिकारी नेमले, पूर्वी असे पद नव्हते असे तो सांगतो. रठिक म्हणून ज्या लोकांचा त्याच्या लेखांत उल्लेख येतो, त्यांच्यातही हे महामात्र काम करत. रठिक म्हणजे आपल्याच मुलखातले लोक असे बरेच अभ्यासक मानतात. आणखी एक वचभूमिक नावाचा अधिकारी होता. गुरांचे गोठे आणि कुरणे पाहणारा, असा त्याचा अर्थ लावला जातो.

यानंतर येतो खरा कायदा. राज्याभिषेकाला २६ वर्षे झाली तेव्हा कोरलेला पाचवा स्तंभलेख. मुदपाकखान्यातल्या तीन जनावरांपासून इथपर्यंत यायला साधारण १२-१४ वर्षे गेली होती. आधी घर, मग राज्य.

या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची यादी आहे. पोपट, मैना, चक्रवाक, हंस, वटवाघूळ, राणीमुंगी, कासव, बिनकाट्याचे मासे, साळिंदर, गेंडा, पांढरी कबुतरे आणि गावातली कबुतरे. काही नावांचा अर्थ आज पंडितांनाही लागत नाही. शेवटी एक सरसकट कलम आहे, जे चतुष्पाद उपयोगात येत नाहीत आणि खाल्लेही जात नाहीत ते सगळे. मुंगीपासून गेंड्यापर्यंत यादी नेणारा हा माणूस कारकुनी वृत्तीचा होता असे कोणी म्हणेल. म्हणू द्या. कारकुनी केल्याशिवाय करुणा अंमलात येत नाही, असे आमचे मत आहे.

पुढची कलमे तर घरातल्या बाईमाणसानेही वाचावीत. शेळी, मेंढी आणि डुकरीण गाभण असेल किंवा दूध पाजत असेल तर तिला मारायचे नाही. तिचे पिल्लू सहा महिन्यांचे होईपर्यंत त्यालाही मारायचे नाही. कोंबड्याला खच्ची करायचे नाही. भुश्श्यात जीव असतील तर तो भुस्सा जाळायचा नाही. कारण नसताना किंवा जीव मारण्यासाठी जंगलाला आग लावायची नाही. एक जीव दुसऱ्या जिवाला खाऊ घालायचा नाही. मग दिवस दिले आहेत. चातुर्मासाच्या तीन पौर्णिमा, तिष्य नक्षत्राची पौर्णिमा, त्यांच्या आगचे-मागचे दिवस आणि उपोसथाचे दिवस. या दिवशी मासा मारायचा नाही आणि विकायचाही नाही. हिशेब केला तर वर्षाकाठी पन्नासाहून जास्त दिवस होतात. पंधरवड्याच्या अष्टमीला, चतुर्दशीला, पौर्णिमा-अमावास्येला आणि सणावाराला बैल, बोकड, मेंढा, डुक्कर यांना खच्ची करायचे नाही. काही ठरलेल्या दिवशी घोड्याला आणि बैलाला डाग द्यायचा नाही.

नीट बघा, त्याने खच्ची करणे कायमचे बंद केले नाही. शेती बैलावर चालत होती, बैल खच्ची केल्याशिवाय नांगराला धरता येत नाही. त्याने सुट्टीचे दिवस ठरवले. आठवड्याची सुट्टी मिळवायला कामगारांनी किती वर्षे घातली ते आपल्याला माहीत आहे. जनावराला सुट्टी मागता येत नाही, म्हणून राजाने न मागता दिली.

आजच्या कायद्याशी हे ताडून पाहा. स्वतंत्र भारतात १९६० साली प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. रुक्मिणीदेवी अरुंडेल या राज्यसभेच्या सदस्य होत्या, त्यांनी आधी खाजगी विधेयक आणले होते, त्यातून पुढे सरकारी कायदा आला. १९६२ साली प्राणी कल्याण मंडळ स्थापन झाले, त्याच पहिल्या अध्यक्षा. त्या कायद्याखाली २००१ साली कत्तलखान्यांचे नियम झाले. त्यात गाभण जनावर, तीन महिन्यांच्या आतले पिल्लू असलेली आई आणि तीन महिन्यांच्या आतले पिल्लू यांची कत्तल करायची नाही असे आहे. अशोकाने सहा महिने दिले होते, आपण तीन दिले. बाकी विचार तोच, पोटातला जीव आणि आईचे दूध.

दुसरी गोष्ट तर आम्ही मिलमधल्या दहा जणांना दाखवली. १९६५ साली ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी नियम झाले. दिवसाला एकूण ९ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचे नाही, सलग ५ तासांपेक्षा जास्त जुंपायचे नाही, आणि जिथे ऊन ३७ अंशांवर जाते तिथे दुपारी १२ ते ३ जुंपायचे नाही. आता १९४८ चा फॅक्टरी ॲक्ट काढा. दिवसाला ९ तास, आणि सलग ५ तास झाले की अर्ध्या तासाची विश्रांती. आकडे तेच! कोणी कोणाचे पाहून लिहिले ते राहू द्या, पण बैल आणि कामगार एकाच मापाने मोजले गेले. यात आपला अपमान झाला असे एका सहकाऱ्याला वाटले. आम्हाला तसे वाटले नाही. थकवा हा थकवाच असतो, खांद्यावर जू असो की हातात पाना. उलट बैलाला दुपारच्या उन्हाची जास्तीची सवलत आहे. चाकण, तळवडे, भोसरी इथल्या कंत्राटी पोरांना पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात ती मिळाली तर बरे होईल.

दंडाचे मात्र हसू येते. १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड लिहिला. तेव्हा ५० रुपयांना किंमत होती. नंतर पगार वाढले, महागाई वाढली, दंडाच्या रकमेची आठवण कोणाला झाली नाही.

आपल्या भागात हा कायदा घराघरात पोचला तो बैलगाडा शर्यतीमुळे. मावळ, खेड, हवेली, इकडे भोसरी-चिखली, तिकडे चाकणच्या पुढे, जत्रा म्हटली की घाट आलाच. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या. त्या निकालात घटनेच्या कलम ५१-अ चा आधार होता. प्राणिमात्रांबद्दल दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे असे तिथे लिहिले आहे. हे कलम १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने आले. गाडामालक शेतकरी हवालदिल झाले. महाराष्ट्र सरकारने २०१७ साली कायद्यात आपल्या राज्यापुरती दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ ला न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने दुरुस्ती कायम केली. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, चाबूक, काठी, विजेचा झटका यांना बंदी आहे. म्हणजे फिरून अशोकाच्या पहिल्या लेखापाशी आलो. सगळी जत्रा बंद नाही, जत्रेतला दोष बंद. अटी पाळल्या जातात की नाही हे घाटावर जाणाऱ्यांनी बघायचे. परवानगीचा कागद खिशात आणि बैलाच्या शेपटीला दात, असे चालता कामा नये.

आता एक नाजूक विषय. तो टाळून पुढे गेलो तर हा लेख अर्धा राहील. अशोकाच्या यादीत गाय आहे का? नाही. यादीत संडक म्हणून एक शब्द आहे, त्याचा अर्थ मोकळा सोडलेला सांड असा करतात. पण गाय, बैल, म्हैस मारण्यास सरसकट बंदी त्यात नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी अस्पृश्य मूळचे कोण या १९४८ सालच्या इंग्रजी ग्रंथात हे लेख तपासले आणि अशोकाने गोहत्या हा गुन्हा ठरवला नव्हता असा निष्कर्ष काढला. राजाला सर्वच जिवांची काळजी होती, एखाद्या जनावराला देव मानण्याशी त्याच्या कायद्याचा संबंध नव्हता. महाराष्ट्रात १९७६ चा पशुसंरक्षण कायदा आहे, त्यात २०१५ पासून बैल आणि वळूच्या कत्तलीलाही बंदी आली. चाकणच्या जनावरांच्या बाजारात म्हातारा बैल घेऊन आलेला शेतकरी आता काय भाव मिळतो ते सांगेल. आमचे म्हणणे एवढेच, की अशोकाचा कायदा वाचताना जनावराचे वय, त्याचे पोट, त्याचे दूध, त्याची वेदना हे शब्द भेटतात. ते जनावर कोणत्या धर्माचे, हा प्रश्न कुठेच भेटत नाही.

आणि आपल्या लोकांना हे जास्त कळायला पाहिजे. आपले आजे-पणजे गावची मेलेली ढोरे ओढत होते. जनावराचा देह त्यांनी जेवढा जवळून पाहिला तेवढा गोठ्याच्या मालकानेही पाहिला नसेल. त्यांनाच विटाळ धरला गेला. १९२७ साली महाडच्या परिषदेत मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याचा ठराव झाला आणि आपली माणसे त्या कामातून बाहेर पडली. २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी इथे जवळच देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. पंचशीलातले पहिले शील आपण दर रविवारी म्हणतो. शील म्हणणे आणि कायदा पाळणे यांत अंतर आहे, आणि अशोक त्या अंतरावर उभा होता.

हे अंतर त्यालाही जाणवले असावे. सत्ताविसाव्या वर्षी कोरलेल्या सातव्या स्तंभलेखात तो मागे वळून पाहतो. धम्म दोन मार्गांनी वाढला, एक नियमांनी आणि दुसरा मनन करून, समजावून. त्यात नियमांचे काम थोडे, समजावण्याचे जास्त, असे त्याने लिहिले आहे. प्राण्यांच्या बंदीचे नियम केले तेही तिथे नमूद आहे. इथे सम्राटाशी आमचा थोडा वाद आहे. मालकाला नुसते समजावून बोनस मिळाला असे आमच्या पाहण्यात नाही. पण तो स्वतःच मालक होता, आणि त्याने आधी स्वतःला समजावले होते. त्या जागेवरून त्याला तसे दिसले असेल. शिवाय मासा न विकण्याच्या दिवशी कोळ्याच्या घरी काय शिजले, याचे उत्तर त्या स्तंभलेखात नाही. गरिबाच्या पोटावर येणारा नियम करताना पर्याय द्यावा लागतो, ते कलम आम्हाला तिथे सापडले नाही.

विदर्भातल्या एका दगडाबद्दल सांगायचे राहिले. चंद्रपूर जिल्ह्यात देवटेक नावाचे गाव आहे. तिथे एक शिळा मिळाली. तिच्यावरचा जुना लेख अशोकाच्या काळच्या ब्राह्मीत आहे, वर्ष चौदावे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी तो वाचला. स्वामीच्या आज्ञेने चिकंबरी इथे जनावरे पकडण्यास आणि मारण्यास मनाई आहे, आणि जो मोडील त्याला शिक्षा आहे, असा त्याचा आशय. धम्ममहामात्राने तो कोरवला असावा, असे मिराशींचे मत. म्हणजे पाटलिपुत्राचा हुकूम आपल्या झाडीपट्टीतल्या खेड्यापर्यंत आला होता, आणि तोही शिक्षेच्या कलमासकट. पुढे पाच-सहाशे वर्षांनी वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याच्या वेळी त्याच शिळेवर दुसरा लेख कोरला गेला. दगड महाग असतो, लोक जुना वापरतात.

अशोक ३६-३७ वर्षे राज्य करून इ. स. पूर्व २३२ च्या सुमारास वारला. शेवटच्या दिवसांत त्याच्या हातात दान द्यायला अर्धा आवळा उरला होता अशी एक बौद्ध कथा आहे. पन्नासेक वर्षांत मौर्यांचे राज्य बुडाले. लिपी लोकांच्या डोक्यातून गेली, स्तंभांना लोक भीमाची काठी म्हणू लागले. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ती लिपी लावली, पण लेखांत नाव देवानांप्रिय प्रियदर्शी असे होते. १९१५ साली मास्कीच्या लेखात अशोक हे नाव सापडले तेव्हा खात्री पटली. २२ जुलै १९४७ ला त्याचे चक्र राष्ट्रध्वजावर आले, २६ जानेवारी १९५० ला सारनाथचे सिंह राजमुद्रेवर. नोटेवरची ती मुद्रा भिंगाने पाहा, सिंहांच्या पायाखालच्या पट्टीवर बैल आणि घोडा दिसतील. मूळ शिल्पाला चारही बाजूंनी हत्ती, बैल, घोडा आणि सिंह आहेत. ज्यांना डाग देण्याचे दिवस त्याने रोखले ते दोघे आज प्रत्येक सरकारी कागदावर आहेत.

सोपाऱ्याला १९५६ साली, आपल्या धम्मदीक्षेच्याच वर्षी, नवव्या लेखाचाही तुकडा मिळाला. हे दोन्ही तुकडे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. सोपाऱ्याचा स्तूप जागेवर आहे. पुण्याहून गाडीने दादरला उतरायचे, तिथून पश्चिम रेल्वेच्या लोकलने नालासोपारा. पहाटे निघाले तर एका दिवसात संग्रहालय आणि स्तूप दोन्ही होतात. पावसाळा संपल्यावर विहारातर्फे अशी सहल काढावी असे समितीच्या महिला मंडळाने सुचवले आहे. ज्या उपासक-उपासिकांना यायचे असेल त्यांनी नावे कार्यवाहांकडे द्यावीत, लहान मुलांची वेगळी लिहावीत.

नमो बुद्धाय. जयभीम.